गाईंचा अनुभव घोडीला कुठे चालतो आणि कुठे चालत नाही

धुळे जिल्ह्यातल्या एका तरुण शेतकऱ्याचा प्रश्न आहे. तीन एकर बागायत, गोठ्यात पाच गाई, जनावरांची सवय लहानपणापासून. सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोडेबाजारातून एक गाभण घोडी आणायची, शिंगरू घरीच वाढवायचं, शिकवायचं आणि चांगल्या भावात विकायचं, असा विचार आहे. रोजचं काम किती पडेल आणि ते गाईंसोबत जमेल का, एवढंच त्यांना विचारायचं आहे.

जागेचं आणि चाऱ्याचं जमेल. मला काळजी वाटते ती तुमच्या गाईंच्या अनुभवाची. ज्याच्या दारात कधी जनावरच नव्हतं तो घोडा आणल्यावर प्रत्येक गोष्ट दहा जणांना विचारून करतो. गोठ्यात वाढलेला माणूस विचारत नाही, त्याचा हात आपोआप चालतो. आमच्या तापीकाठच्या भागात घोडी दगावल्याच्या, लंगडी झाल्याच्या ज्या हकिगती ऐकतो, त्यांतल्या बऱ्याच अशाच असतात: गाईला जे चालतं ते घोडीला केलं. म्हणून रोजचं काम सांगताना हा फरक धरूनच सांगतो.

सुरुवात पोटापासून. गाय भरभर खाते, मग निवांत बसून रवंथ करते. घोडा रवंथ करत नाही. एवढ्या मोठ्या जनावराचं जठर जेमतेम दहा-पंधरा लिटरचं असतं आणि चाऱ्याचं खरं पचन मागच्या मोठ्या आतड्यात होतं. घोड्याला उलटीही करता येत नाही. आत गेलेलं पुढे सरकतं, नाहीतर अडतं. शिवाय खाणं असो वा नसो, त्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत राहतं, त्यामुळे पोट बराच वेळ रिकामं राहिलं की आतून जखमा होतात. सकाळ-संध्याकाळ दोन पाट्या भरून टाकल्या आणि मोकळे झालो, हे गाईला चालतं. घोडीला थोडं थोडं, दिवसभर आणि रात्रीही लागतं.

हिशेब सोपा आहे. अंगाच्या वजनाच्या साधारण दोन टक्के सुका चारा रोज. 350 किलोच्या घोडीला सात किलो, दूध पाजत असली तर त्याहून बराच जास्त. म्हणजे एका घोडीला वर्षाकाठी अडीच ते तीन टन चारा धरून ठेवा. आपल्याकडे दादर ज्वारीचा कडबा मिळतो, तो चांगला. मात्र कुट्टी फार बारीक करू नका, दोन-तीन इंचाचे तुकडे ठेवा. बारीक भुशासारखी कुट्टी घोडी न चावता गिळते आणि ती घशात नाहीतर आतड्यात बसते. कडबा टाकण्याआधी झटकायचा. गाय धूळ खाऊन घेते, घोडीला त्याच धुळीनं खोकला लागतो आणि दमा जडला की तो आयुष्यभर जात नाही. लसूणघास द्या, पण कापून अर्धा दिवस सुकवून. दव पडलेली घास ढीग लावून ठेवली की आतून तापते, आणि तसली घास म्हणजे रात्री डॉक्टरला फोन.

तुमच्या बांधावर गाईंसाठी संकरित नेपियर नक्की असेल. इथे नीट लक्ष द्या. या गवतात ऑक्झलेट भरपूर असतं. गाईच्या पोटातले जिवाणू ते मोडून टाकतात. घोडीच्या अंगात मात्र चाऱ्यातलं कॅल्शियम ते बांधून ठेवतं आणि शरीर हाडांतून कॅल्शियम काढायला लागतं. त्यावर कुणी ताकदीसाठी म्हणून रोज गव्हाचा कोंडा घातला तर आणखी बिघडतं, कारण कोंड्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी. काही महिन्यांनी घोडी कारण नसताना लंगडते, मग चेहऱ्याची हाडं दोन्ही बाजूंनी सुजलेली दिसतात. तोवर उशीर झालेला असतो. नेपियर कधीमधी तोंड बदलायला मूठभर ठीक, मुख्य चारा म्हणून नको.

आणखी तीन गोष्टी गोठ्यातून पागेकडे जाऊ द्यायच्या नाहीत. कोंबड्यांच्या खाद्यात, आणि काही पशुखाद्यांतही, मोनेन्सिनसारखी औषधं मिसळलेली असतात. कोंबडीला आणि गाईला ती सोसतात, घोड्याच्या हृदयाचे स्नायू त्यानं मरतात, आणि त्यावर उतारा नाही. म्हणून एकच घमेलं दोघांना वापरू नका, गोणी बदलली तर पिशवीवरचा मजकूर वाचा. दुसरी गोष्ट बुरशी लागलेला मका. कणसं थोडी काळी पडली की आपण ती गुरांना टाकतो. त्याच बुरशीचं विष घोड्याचा मेंदू नासवतं आणि जनावर दोन-चार दिवसांत आंधळ्यासारखं भिंतीवर धडका देऊन जातं. तिसरी, कोवळी ज्वारी. ती गाईलाही लागते हे तुम्हाला माहीत आहे, पण घोडीला हिरवी ज्वारी रोज घातली तर लघवीवरचा ताबा जातो आणि मागचे पाय लुळे पडतात.

चंदी म्हणजे दाणा, त्याचं लोकांना फार कौतुक. भिजवलेला हरभरा, भरडलेला जव किंवा ओट, थोडा मका. दारातल्या मोकळ्या घोडीला दिवसाला दीड-दोन किलो पुष्कळ झालं, आणि तेही दोन वेळांत वाटून. एका वेळेला दोन किलोच्या वर कधीच नाही. आधी चारा, मग चंदी, हा क्रम बदलायचा नाही. नवा दाणा सुरू करायचा तर आठ-दहा दिवस घेऊन हळूहळू वाढवायचा. लग्नाच्या घोड्यांना गूळ, तूप, दूध, बदाम घालणारे लोक मी पाहतो आणि गप्प बसतो. त्यांच्या मालकांना ते सांगायला आवडतं, घोड्याला त्यातलं काही लागत नाही. उलट जास्त दाण्यानं टापांच्या आतला भाग सुजतो. असा घोडा पुढचे पाय पुढे टेकवून अंग मागे टाकून उभा राहतो, चालवला तर निखाऱ्यावर चालल्यासारखा पाय टाकतो. ही अवस्था एकदा आली की टाप पूर्ववत होणं कठीण. सैंधवाचा खडा मात्र कायम समोर ठेवा, आणि पाणी. हिवाळ्यात पंचवीस-तीस लिटर, आणि आपल्या मे महिन्यात, पारा 44 ला टेकतो तेव्हा, पन्नासपर्यंत.

आता दिवस कसा जातो ते. पाचला तुमच्या धारा असतील. त्याआधी घोडीसमोर दोन पेंढ्या कडबा टाका आणि जा. धारा काढून आलात की ठाणावर, म्हणजे घोडीच्या जागी, आधी काही न करता नुसतं बघायचं. रात्रीचा चारा संपला का, पाणी किती प्यायली, लीद किती पडली आणि कशी आहे. घोडा दिवसरात्रीत आठ-दहा वेळा लीद टाकतो. सकाळी ठाणावर दोनच ढीग दिसले तर त्या घोडीला दाणा द्यायचा नाही, तिच्याजवळ थांबायचं. डोळा ओला आहे का, नाकातून काही येतंय का, एखाद्या पायावर भार कमी देते का. मागचा एक पाय सैल सोडून उभी राहणं हा आराम आहे, पुढचा पाय तसा पुढे सोडून उभी राहिली तर दुखणं आहे. हे बघायला पाच मिनिटं लागतात, आणि मोठ्या खर्चापासून वाचवणारं यापेक्षा स्वस्त काम दुसरं नाही.

मग मोहरकी, म्हणजे तोंडावरची दोरी, घालून बाहेर काढायची, खरारा करायचा, चारही टापा उचलून साफ करायच्या. ठाण झाडायचं. एका घोडीची दिवसाला पंधरा-वीस किलो लीद निघते. ती कुजवून तुमच्या बागायतीला जाईल, तेवढाच रोजचा नफा समजा. उन्हाळ्यात फिरवणं, शिकवणं सकाळी आठ-नऊच्या आत. दुपारी सावली, चारा, पाणी. संध्याकाळी पुन्हा चंदी, थोडं फिरवणं. रात्री झोपण्याआधी दिवसातला सर्वांत मोठा चाऱ्याचा वाटा. एका घोडीमागे मिळून दोन-अडीच तास, शिंगरू आल्यावर तीन. वेळ जास्त नाही, पण तो रोज आणि ठरलेल्या वेळीच द्यावा लागतो. लग्नाला गावाला गेलो, शेजाऱ्याला सांगून गेलो, हे गाईला एखादवेळी निभतं. ज्याचा हात घोडीला माहीत नाही अशा शेजाऱ्याला ती ठाणाजवळ येऊ देईलच असं नाही.

गाई दावणीला बांधलेल्या असतात, त्यामुळे घोडीही अगाडी-पिछाडी, म्हणजे पुढून आणि मागून दोऱ्या, घालून दिवसभर बांधायची असा आपल्याकडे सर्रास समज आहे. चालणं हेच घोड्याच्या पायांतलं रक्त फिरवतं. दिवसभर बांधून ठेवलेल्या घोड्याचे पाय संध्याकाळी सुजतात, पोट अडतं आणि डोकं बिघडतं. लाकूड कुरतडणं, दाताने खुंटा धरून हवा गिळणं, जागच्या जागी डावी-उजवीकडे झुलत राहणं, या खोडी बहुधा बांधून घातल्यामुळे लागतात आणि लागल्या की सहसा सुटत नाहीत. तीन एकरांतली अर्धा एकर जागा मोकळी सोडायची तयारी नसेल तर घोडी घेऊ नका. कुंपणाला काटेरी तार नको. गाय तारेला अंग लावून मागे सरते. घोडा घाबरला की जोर लावून पुढे घुसतो आणि पाय हाडापर्यंत कापून घेतो. बांबू, लाकडी आडवे वासे, जुने लोखंडी पाइप, काहीही चालेल. ठाण बारा बाय बारा फुटांचं, छप्पर उंच, खाली मुरूम आणि थोडा उतार. पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलात उभं ठेवलं की टापेच्या तळव्यातला मऊ त्रिकोणी भाग सडतो. खूर साफ करताना काळं पाणी आणि घाणेरडा वास आला की समजायचं.

टापा दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून कापून घ्यायच्या. शेतातच वावरणाऱ्या घोडीला नाल ठोकायची गरज नाही, डांबरी रस्त्यावर काम करणाऱ्याला लागते. चांगला नालबंद शोधणं हे घोडी शोधण्यापेक्षा अवघड आहे, म्हणून तो आधी शोधा. डॉक्टरचंही तेच. तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर गाई-म्हशींत तरबेज असतात, घोड्याची नस बघायची वेळ त्यांच्यावर क्वचित येते. जवळच्या घोडेवाल्यांना विचारा, रात्री कोण येतं.

पोटशूळ हा घोडेवाल्याच्या घरचा नेहमीचा पाहुणा. घोडी पुढच्या पायानं जमीन खरवडते, वळून स्वतःच्या कुशीकडे बघते, बसते-उठते, लोळते, घामाघूम होते. लगेच चारा-दाणा काढून घ्यायचा, डॉक्टरला फोन लावायचा आणि तो येईपर्यंत जोरात लोळू न देता हळूहळू चालवायचं. गाईला आपण नळकांड्यानं तेल, काढा पाजतो. घोडीला तसं पाजायचं नाही. ते फुप्फुसात जातं आणि पोटशूळ बरा होऊनही घोडी न्यूमोनियानं जाते. डॉक्टर नाकातून नळी घालून देतात, ते त्यांचं काम. फोनवर त्यांना सांगता यावं म्हणून नाडी मोजायला शिका, जबड्याखालच्या शिरेवर बोट ठेवून. शांत उभ्या घोडीची मिनिटाला 28 ते 44 असते. साठच्या वर गेली तर तसं स्पष्ट सांगा, म्हणजे ते जेवण अर्धवट टाकून येतील.

बाकी रोगांत दोन आपल्या भागात विसरता येत नाहीत. पावसाळ्यात आणि त्यानंतर गोमाशा वाढतात, त्यांच्या चाव्यातून सर्रा होतो. ताप येतो-जातो, घोडी खात असूनही वाळत जाते, पोटाखाली आणि पायांवर सूज येते. रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. दुसरा ग्लँडर्स, मराठीत शेंबा. हा माणसालाही होतो, यावर घोड्याला उपचार केले जात नाहीत, आणि तपासणीत निघाला तर 2009 च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या कायद्यानुसार जनावर मारावं लागतं. घोडी घेताना ग्लँडर्स नसल्याचा रक्ततपासणीचा दाखला मागा. देत नसेल तर पुढे बोलायचंच नाही. धनुर्वाताची लस दरवर्षी. घोड्याइतकं धनुर्वाताला बळी पडणारं दुसरं पाळीव जनावर नाही, एका खिळ्याच्या जखमेनं जातं.

गाभण घोडीकडे येतो. गाय नऊ महिने, घोडी अकरा, साधारण 330 ते 345 दिवस. दिवस मोठे व्हायला लागले की घोड्या माजावर येतात, म्हणून एप्रिलमध्ये लागलेली घोडी मार्चमध्ये विते. सारंगखेड्याची यात्रा दत्तजयंतीला, म्हणजे बहुधा डिसेंबरात. तिथे कुणी आठ महिन्यांची गाभण म्हणून घोडी दाखवली तर हिशेब जुळतो, पण डॉक्टरनं हात घालून तपासल्याशिवाय विश्वास ठेवू नका. गाभण म्हटलं की भाव चढतो, आणि पोट तर गवतानंही वाढतं.

विण्याच्या एक-दोन दिवस आधी सडांच्या टोकाला मेणासारखा थेंब दिसतो. घोड्या बहुतेक रात्रीच वितात, कुणी समोर उभं असलं तर थांबवूनही धरतात. पाणी फुटल्यावर वीस ते तीस मिनिटांत शिंगरू बाहेर यायला हवं. गाय दोन-तीन तास कळा देते आणि आपण बिडी ओढत वाट बघतो. घोडीत अर्धा तास उलटला म्हणजे शिंगरू जवळपास गेलंच. पांढरट पडद्याऐवजी लाल, मखमली पिशवी आधी दिसली तर कुणाची वाट न बघता ती फाडायची आणि शिंगरू काढायचं, कारण आत त्याचा श्वास तुटलेला असतो. एरवी ओढाओढ करायची नाही, गाईच्या वासराला दोरी लावून चार माणसं ओढतात तसं तर मुळीच नाही. नाळ आपोआप तुटते, बेंबी आयोडीनमध्ये बुडवायची. शिंगरू तासाभरात उभं, दोन तासांत आचळाला, आणि तीन तासांत घोडीचा जार पडलेला असायला हवा. गाईचा जार आपण दुसऱ्या दिवसापर्यंत थांबून बघतो. घोडीचा तीन तासांत पडला नाही तर डॉक्टरला बोलवायचं. अडकलेल्या जाराचं विष तिच्या टापांपर्यंत पोचतं. ओढून काढायचा मोह टाळा. पहिला चीक शिंगराच्या पोटात पहिल्या सहा-आठ तासांतच जायला हवा, त्यानंतर आतडी तो घेईनाशी होतात. पहिली काळी चिकट लीद चोवीस तासांत पडायला हवी.

आता शिकवणं. लोकांच्या मनात घोडा शिकवणं म्हणजे एक दिवस ठरवून त्याच्यावर बसायचं, तो उधळणार, आपण टिकायचं. लहान शेतावर असं करायची वेळच येऊ नये. वर सांगितलेलं रोजचं काम हेच शिक्षण आहे. मोहरकी घालताना डोकं खाली करणं, खरारा करताना उभं राहणं, पाय मागितला की देणं, दार उघडल्यावर माणसाच्या आधी न घुसणं. हे पहिल्या आठवड्यापासून, आईच्या शेजारी, रोज पाच-पाच मिनिटं. शिंगराचे लाड मात्र बेतानं. वासरू डोक्यानं ढकलतं ते गमतीचं. तीन महिन्यांच्या शिंगरानं तीच गंमत केली आणि आपण हसलो, तर दोन वर्षांनी ते आपल्याला भिंतीवर दाबतं. हातातून गूळ, बिस्किटं भरवली की चावायला शिकतं. द्यायचं ते तोबऱ्यात नाहीतर पाटीत.

एकच तत्त्व लक्षात ठेवा. घोडा दाबानं शिकत नाही, दाब सुटतो त्या क्षणी शिकतो. दोरी हलकेच ओढली, त्यानं एक पाऊल पुढे टाकलं की त्याच क्षणी दोरी सैल. पाऊल टाकल्यावरही ओढत राहिलात तर पाऊल टाकण्यात त्याचा फायदा काय? बैलाला आपण कासऱ्यानं सतत धरून ठेवतो, त्याचं चालतं. घोड्याच्या तोंडाला तसा सतत ताण दिला की तोंड मरतं, मग अधिक कडक लगाम, मग काटेरी लगाम. काटेरी लगामाला 1965 च्या नियमांनी बंदी आहे, तरी तो बाजारात दिसतो. ज्याला तो लागतो त्याला घोडा शिकवता आलेला नाही.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. अगदी मागचं आणि कपाळासमोरचं त्याला दिसत नाही, म्हणून मागून गुपचूप जायचं नाही, आवाज देत जायचं. जे डाव्या बाजूनं शिकवलं ते उजव्या बाजूनं पुन्हा शिकवावं लागतं, यात कंटाळा करू नका. प्लास्टिकची पिशवी, ट्रॅक्टर, पाण्याचा पाट, ताडपत्री, बँड, हे सगळं पहिल्या वर्ष-दोन वर्षांत आईबरोबर चालताना दाखवून टाकायचं. आई शांत असेल तर शिंगरू निम्मं तिच्याकडूनच शिकतं, आणि आई बुजरी असेल तर तेही तिच्याकडूनच शिकतं. म्हणून घोडी निवडताना तिचा रंग नंतर बघा.

पाच-सहा महिन्यांनी तोडायचं, म्हणजे आईपासून वेगळं करायचं. एकटं कोंडू नका, सोबतीला दुसरं घोडं, गाढव, निदान बोकड तरी. घोडा कळपाचा आहे, एकटा सुकतो. तुमच्या गाई नजरेसमोर असणं हीसुद्धा थोडी सोबत होते, हा गोठ्याचा फायदा. दोन वर्षांपर्यंत फक्त हातानं फिरवणं. लांब दोरीवर गोल फिरवायचं तर थोडा वेळ आणि मोठ्या वर्तुळात. लहान वर्तुळात कोवळे सांधे पिळवटतात. अडीच वर्षांच्या सुमाराला पाठीवर कापड, मग तंग म्हणजे पोटाचा पट्टा, मग रिकामं खोगीर, तोंडात जाड आणि गुळगुळीत कडी. तीन पूर्ण झाल्यावर हलक्या वजनाचा माणूस, दहा मिनिटं, फक्त कदम, म्हणजे साधं चालणं. दुडकी नंतर, चौखूर त्याच्याही नंतर. पाठीची हाडं पाच-सहा वर्षांपर्यंत पक्की होत असतात. बाजारात दोन वर्षांच्या घोड्यावर ऐंशी किलोचा माणूस बसवून रेवाल ही वेगवान चाल दाखवतात, टाळ्या पडतात. त्या घोड्याची पाठ आठव्या वर्षी बघा.

नाचवण्याबद्दल विचारलं नाहीत, तरी विचाराल म्हणून सांगतो. ठेक्यावर पाय उचलायला घोडा गोडीनं शिकतो, मी ते करतो. पण दोन खुंटांमध्ये आवळून छडीनं पाय उचलवायला लावणारे आहेत, त्यांच्याकडे शिंगरू शिकायला देऊ नका. परत येतं तेव्हा ते माणसाचा हात वर गेला की थरथरतं.

विकण्याचा हिशेब स्पष्ट सांगतो. दूध रोज पैसे देतं, घोडी देत नाही. सहा महिन्यांचं शिंगरू स्वस्तात जातं. शिकवून चार वर्षांचं केलं तर तोवर त्यानं दहा टन चारा खाल्लेला असतो. लग्नवाल्यांना पांढरा नुकरा हवा, हौशी लोकांना उंच मारवाडी, वळलेल्या कानांचा. या दोन्ही बाजारांत नाव असलेले मोठे लोक बसले आहेत, तिथे तुम्ही टिकणार नाही. पण ज्याच्यावर घरातलं पोर बसवता येईल असा शांत, रस्त्याला न बुजणारा घोडा शोधत लोक पुण्या-नाशिकहून येतात आणि त्यांना तो मिळत नाही. उंची लागत नाही. नीरा-भीमेच्या खोऱ्यातलं धनगरांचं भीमथडी घोडं अंगानं लहान, पण चिवट आणि थोडक्यात भागवणारं. त्याला आता स्वतंत्र जात म्हणून नोंदही मिळाली आहे. लहान शेतावरच्या माणसाला असलंच जनावर परवडतं.

म्हणून माझं मत, पहिलीच घोडी गाभण आणू नका. तुम्ही नवे, शिंगरू नवं, आणि रात्री दोनला विणारी घोडीही अनोळखी, हे तिन्ही एकाच वर्षी नको. आठ-दहा वर्षांची, आधी एक-दोन शिंगरं झालेली, बसायला शिकलेली घोडी घ्या. वर्षभर तिच्याकडून शिका, मग तिला चांगल्या घोड्याकडे न्या. स्वतःचा वळू पाळायचा विचारही करू नका, तीन एकरांत तो तुम्हाला आणि शेजाऱ्यांना झोपू देणार नाही.

यात्रेत बघताना लोक अंगावरचे केसांचे भोवरे मोजतात, गळ्यावरचा देवमण भोवरा शोधतात, पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय आणि कपाळ पांढरं, आहे का बघतात. श्रद्धा असेल तर तेही बघा, पण किंमत पायांवर ठरवा. वय दातांवरून: पुढचे दुधाचे दात अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमारास जोडीजोडीनं पडतात, पाचव्या वर्षी तोंड पूर्ण होतं. त्यानंतरचं वय अंदाजानंच सांगता येतं, कुणी बोटावर मोजून सांगितलं तर हसून सोडा. कडक जमिनीवर सरळ रेषेत दुडकीत पळवायला सांगा, मालकाला दोरी सैल धरायला लावा. पुढचा दुखरा पाय टेकताना डोकं वर जातं, चांगल्या पायावर खाली येतं. संध्याकाळी अगदी गरीब दिसलेली घोडी दुसऱ्या दिवशी पहाटे, न सांगता जाऊन पुन्हा बघा. गुंगीचं औषध तोवर उतरलेलं असतं. तिला चारा खाताना बघा, पाणी पिताना बघा, दुसरी घोडी शेजारून गेली तर काय करते ते बघा. मग मालकाला बाजूला उभं करा, मानेवरून हात फिरवत खाली न्या, चारही पाय एकेक करून स्वतः उचला. चारही दिले तर भाव विचारा.